नाकातला फवारा आणि घोळणा

नमस्कार श्रोतेहो. उठल्याबरोबर दहा-दहा शिंका, रात्री चोंदलेलं नाक, अशा त्रासावर डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा लिहून देतात. 'स्टिरॉइड' म्हटलं की घरात काळजी सुरू होते. तोंड सुजेल का? हाडं ठिसूळ होतील का?

ही भीती आली स्टिरॉइडच्या गोळ्यांवरून. पण मोमेटासोन या नाकातल्या स्टिरॉइडच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. त्यातलं रक्तात पोचतं ते अगदी नगण्य.

नाकात मात्र त्रास होऊ शकतो. कोरडेपणा, जळजळ, घशात खवखव आणि सगळ्यांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे घोळणा फुटणं. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारला, की नळीचं तोंड सहज त्या पडद्याकडे वळतं. रोज तिथेच मारा झाला तर त्वचा सोलवटते, रक्त येतं. क्वचित पडद्याला भोकही पडतं. म्हणून हात बदला. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. मान किंचित खाली, नळीचं टोक कानाच्या दिशेने, श्वास हलकेच. जोरात ओढलंत तर औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि वाया जातं.

काहींनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेल्यांनी, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी, आणि एचआयव्हीसाठी रिटोनाविर घेणाऱ्यांनी, कारण त्या गोळीमुळे फ्लुटिकासोन आणि बुडेसोनाइड ही फवाऱ्यातली स्टिरॉइडं शरीरात साठू शकतात. लहान मुलाचा फवारा महिनोन्‌महिने चालणार असेल, तर त्याची उंची मोजत राहा.

आणि कृपा करून बाटलीवरचं नाव वाचा. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे स्टिरॉइड नव्हे. ते नाक मिनिटांत मोकळं करतात, पण तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्तच चोंदतं. 'सवय लागली' म्हणून येणारे बहुतेक जण हेच फवारे वापरणारे. स्टिरॉइडला गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी बाटली टाकून देऊ नका.

घोळणा फुटलाच, तर मान मागे टाकू नका, कांदा हुंगत बसू नका. पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं, मध्ये सोडून न बघता. तेवढ्यानेही थांबलं नाही, तर लगेच दवाखाना गाठा.