हातभर खालचं रान

वरून पाहिलं तर तळं शांत. कॅमेरा हातभर खाली गेला, की मात्र रान उभं राहतं.

ही हायड्रिला, पाण्याखाली वाढणारं तण. देठाभोवती पानांचे फेर, एकेका फेरात बहुधा चार ते आठ पानं. टोकाकडून देठाकडे बोट फिरवलं की खरखर लागते, कारण कडांना बारीक दाते आहेत. मूळची आशियातली. १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथून फोफावली. वस्तीतल्या तळ्यात शिरायलाही तिला फार लागत नाही. कुणीतरी माशांची टाकी तळ्यात रिकामी केली, की झालं.

आता हे दाताळं बघा. दोरी बांधून फेकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि सावकाश ओढायचं. हिसका दिला की देठ तुटतो, आणि तुटलेलं एक पेर जरी पाण्यात राहिलं तरी त्यातून नवं रोप उभं राहतं. म्हणून ओढणाऱ्यापेक्षा मागे जाळी घेऊन उभ्या असलेल्यांचं काम मोठं. तरंगणारा तुकडा न् तुकडा त्यांनी टिपायचा. ढीगही काठापासून लांब, पावसात परत वाहून येणार नाही असा. केवढा दिसतो! पण बहुतेक पाणीच. उन्हात वाळला की टोपलीभर उरतो.

आणि हा तळहातावरचा, चिखल धुतल्यावर दिसलेला, वाटाण्याएवढा कंद. खरी मेख इथे आहे. पाला कितीही काढा, कंद गाळात काही वर्षं तग धरतात. काठालगत गाळावर जाड कापड अंथरून वर दगड ठेवलेत ते त्यासाठीच. उजेड नाही तर वाढ नाही. खाली वायू साठून कापड फुगतं, म्हणून मध्ये ही भोकं.

तणनाशकाचा मोह होतो, कधी ते लागतंही. पण सगळं तळं एकदम मारलं तर कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे मरतात. पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा तर पिलावळ न होणाराच, कारण भूक लागली की तो देशी वनस्पतीही ठेवत नाही.

काठावरची ही हिरवळ थेट पाण्याकडे उतरते. तिला घातलेलं खत पावसाबरोबर तळ्यात, म्हणजे हायड्रिलाच्याच ताटात. म्हणून काठचा पट्टा यंदा कापलेला नाही, उंच गवत वाढू दिलंय.

दाताळं पुन्हा पाण्यात पडतं. त्याच कोपऱ्यात, तिसऱ्यांदा.