उसाची तोड आणि वसंतदादा

मंडळी, वसंतदादा पाटलांवर बोलायला कुणी उभं राहिलं की श्रोते दोन गोष्टींची वाट बघत बसतात. तुरुंगफोडीची आणि १९७८ ची. दोन्ही सांगतो. पण मला आज खरं बोलायचंय ते उसाच्या तोडीवर. हा माणूस राजकारण शिकला तो उसाच्या फडात, असं माझं मत आहे.

तुरुंग आधी उरकू. २४ जुलै १९४३. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आणि तुरुंग किल्ल्यात. दादा पंचविशीतले. भरदिवसा पहाऱ्यावर मात करून ते आणि त्यांचे साथीदार तटावरून खाली उतरले, खंदक ओलांडला आणि कृष्णेकडे पळत सुटले. दोन साथीदार गोळीला बळी पडले, दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा सापडले. सुटले ते १९४६ साली.

मूळचं गाव पद्माळे, सांगलीला लागूनच, कृष्णाकाठचं. आई-वडील अगदी लहानपणी साथीत गेले, आजीनं वाढवलं. शाळा लवकर सुटली. पुढे भाषणात ते मोठे शब्द वापरत नसत. बहुतेक ते त्यांच्याकडे नव्हतेच, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

आता उसाकडे येऊ. त्या काळी सांगलीकडचा ऊस जायचा गुऱ्हाळाला. शेतकरी गूळ करायचा, ढेपा गाडीत घालून पेठेत आणायचा आणि अडत्याच्या दारात बसायचा. भाव तो सांगेल तो. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेतकरी स्वतःच्या मालकीची साखर काढू शकतो हे तिथं दिसलं आणि दादांनी सांगलीत तेच धरलं. गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले. पुढे सांगलीचा हा कारखाना आशियातला सर्वांत मोठा म्हणून सांगितला जायचा.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखान्याची रोजची गाळपाची ताकद ठरलेली. ऊस तोडला की दिवसागणिक त्यातली साखर उतरते, म्हणून सगळ्यांचा एकदम तोडून ठेवता येत नाही. हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. ज्याला लवकर तोड मिळाली त्याचं रान मोकळं होतं, त्यात हरभरा नाहीतर गहू निघतो. ज्याची पाळी मार्चात, त्याच्या उसाला तुरा आलेला, वजन घटलेलं, विहिरीनं तळ गाठलेला. तेव्हा प्रत्येकाला वाटतं, तोडणी कामगारांची टोळी आधी माझ्या बांधावर यावी. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, म्हणजे चिटबॉय, हाच गावातला सर्वांत मोठा माणूस होतो, त्याच्यासाठी चहा थांबत नाही! आणि सहकारात एक एकरवाल्याला एक मत, वीस एकरवाल्यालाही एकच. चेअरमननं भाऊबंदाचा फड आधी तोडला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पारावर तीच चर्चा.

मला वाटतं, मंत्रिमंडळ म्हणजे दुसरं काय असतं? खाती थोडी, इच्छुक ढीगभर. कुणाला आत्ता, कुणाला पुढच्या वेळी, आणि ज्याला उशीर होणार त्याला ‘तुझा ऊस मी वाळू देणार नाही’ हा भरवसा. हे काम दादांना जमायचं. १९५२ ला आमदार झाले, पण मंत्रिपदासाठी धावले नाहीत. वर्षानुवर्षं पक्षसंघटना आणि सहकार यांतच राहिले. पाटबंधारे खातं आलं ते सत्तरच्या दशकात. मुख्यमंत्री झाले १९७७ च्या मे महिन्यात, म्हणजे काँग्रेसचा देशभर धुव्वा उडाल्यावर. बुडत्या नावेचं सुकाणू त्यांच्या हाती आलं म्हणा ना.

मग १९७८. निवडणुकीआधीच काँग्रेसचे दोन तुकडे झालेले, निवडणुकीनंतर दोघांनी मिळून सरकार केलं, दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. खंजिराचा शब्दप्रयोग तेव्हापासून महाराष्ट्रात रूढ आहे, मी तो वापरणार नाही. माझं म्हणणं एवढंच की पाळीचा भरवसा ज्यांना उरला नाही ते दुसऱ्या कारखान्याला ऊस घालतात. आणि दादांना माणसावर विश्वास टाकायची जित्याची खोड होती.

१९८३ ला ते परत मुख्यमंत्री झाले. या वेळचा त्यांचा सर्वांत लांबवर गेलेला निर्णय विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचा. आपली पोरं पैसे मोजून कर्नाटकात शिकायला जात होती. दादांचा हिशेब सरळ: पैसा जातोच आहे, तर तो इथंच राहू दे. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसानं एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं उघडायला वाट करून दिली, याचं मला कौतुक आहे. पण त्याच वाटेनं शिक्षणसम्राटही आले, हे लपवून कसं चालेल? कारखान्यात एक माणूस एक मत होतं. कॉलेजात सभासद कुठला, तिथं संस्थाचालकाचं घराणं. सहकारातला लगाम दादांनी या गाडीला लावला नाही. तो लावायला हवा होता असं मला आजही वाटतं.

१९८५ च्या जूनमध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले. कृष्णाकाठचा माणूस जयपूरच्या राजभवनात! १९८७ ला तेही सोडून आले. १ मार्च १९८९ ला गेले.

सांगलीच्या त्या कारखान्याला आज त्यांचं नाव आहे. मधल्या काळात तो कर्जात रुतला, चालवायला दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या साखर संशोधन संस्थेलाही त्यांचंच नाव दिलंय. तिथं उताऱ्याचं, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याचं, शास्त्र फार पुढे गेलंय. हंगामात सांगलीच्या रस्त्यानं गेलात तर ट्रॅक्टरमागं जोडलेल्या ट्रॉल्यांची रांग दिसेल. एखाद्या ड्रायव्हरला विचारा, नंबर कधी लागणार. तो हसेल, आणि पुढच्या गाडीकडे बोट दाखवेल.