मोत्याच्या डुलाखालचे थर

जुन्या चित्राची नक्कल करायला बसलेला विद्यार्थी बहुधा डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. डोळे हा वरचा थर. शिकायचं असतं ते त्याच्या खालचं.

आज सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ घेऊ. नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं, साधारण 1665 चं चित्र. काटेकोर बोलायचं तर हे व्यक्तिचित्र नव्हे. अमुक माणसाची ओळख न सांगता चेहरा, भाव आणि पोशाख रंगवणाऱ्या चित्रांना डच लोक ‘ट्रोनी’ म्हणत. पण चेहऱ्यावरचा उजेड शिकायला इतका स्वच्छ धडा क्वचितच मिळेल.

मूळ माप 44.5 बाय 39 सेंटिमीटर. लुव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्याला चित्र मुळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठं ठेवावं लागतं. तोच नियम पाळू: 53.4 बाय 46.8. मूळ मापाच्या छापील प्रतीवर 5 सेंटिमीटरचे चौकोन पाडा, कॅनव्हासवर 6 चे. मोबाइलवर बघून रंगवू नका. पडदा स्वतःच उजळतो, त्यामुळे अंधार खोटा दिसतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून फासा आणि चिंधीने पुसून घ्या. तो सुकला की त्याच अंबरने सावल्या मांडा. डोळे किलकिले करून बघा आणि फक्त तीन पायऱ्या ठेवा: उजेड, मधली छटा, सावली. पापणी नाही, ओठाची रेघ नाही. इथे चेहरा ओळखू आला नाही, तर वर कितीही गुलाबी रंग चढवा, येणार नाही.

या थरात जवसाचं तेल घालू नका. दुसऱ्या थरात तीन भाग टर्पेन्टाइनला एक भाग तेल, शेवटच्या ग्लेझमध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक थरात, समसमान. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला, तर वरचा आधी आवळतो, खालचा हलतच राहतो आणि चित्राला भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग याच कारणाने खाली नको. तो तेल फार पितो आणि फार उशिरा सुकतो. अंबर लवकर सुकतो. पावसाळ्यात मात्र बोट लावून खात्री केल्याशिवाय पुढचा थर देऊ नका.

आता त्वचा. व्हर्मीरचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. तो विषारी, म्हणून आपण टायटॅनियमचा पांढरा वापरतो, पण टायटॅनियम फार जोरकस आणि थंड. त्याच हिशेबाने घातला, तर चेहरा खडू फासल्यासारखा होतो. आधी यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि व्हर्मीरच्या लाल हिंगुळाऐवजी किंचित कॅडमियम रेड घ्या, मग पांढरा थोडा थोडा वाढवा. सावलीत पांढरा जवळजवळ नकोच. तिथे खालचा अंबर दिसू द्या.

नाकाकडे नीट बघा. नाकाचा दांडा आणि पलीकडचा, उजेडातला गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्ही एकमेकांत विरले आहेत. विद्यार्थी तिथे हटकून रेघ ओढतो, कारण नाकाला कड असते हे त्याला ‘माहीत’ असतं. उलट सगळं मऊ ब्रशने घोळवणाराही चुकतो. सावलीची कड मऊ, पण डोळ्यातला ठिपका तसाच ठेवलेला, न घोळवलेला असतो.

पार्श्वभूमी काळी दिसते. मुळात ती गडद थरावर निळीचा आणि पिवळ्या वनस्पतिज रंगाचा ग्लेझ देऊन हिरवी केलेली होती, रंग उडाले. 2018 च्या तपासणीत तिथे हिरव्या पडद्याच्या घड्या आढळल्या, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पापण्यांचे केसही. आजचा काळा रंगवायचा की तेव्हाचा हिरवा, हे आधीच ठरवा. मध्येच बदललंत, तर गालाची कड पुन्हा रंगवावी लागेल. पृष्ठभागावरच्या भेगा मात्र नकलू नका. त्या व्हर्मीरने रंगवलेल्या नाहीत.

मोती सगळ्यात शेवटी. वर एक जाड, तेजस्वी ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचं पुसट प्रतिबिंब, एवढंच. बाह्यरेषा नाही. डूल कानाला अडकवणारी कडीही मूळ चित्रात नाही, तेव्हा ती तुम्हीही काढू नका.