दोन उपग्रह एका रेषेत येतात तेव्हा

बारा गिगाहर्ट्झच्या आसपास काम करणारी साठ सेंटिमीटरची तबकडी आकाशाकडे रोखली, तर तिची नजर जेमतेम तीन अंशांची असते. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून डोक्यावरून जाणारा उपग्रह एवढे अंतर सुमारे चार सेकंदांत ओलांडतो. तबकडी एका ताफ्यातील उपग्रहाचा माग काढत असताना दुसऱ्या ताफ्यातील उपग्रह त्याच वारंवारतेवर प्रक्षेपण करीत नेमका त्याच रेषेत आला, तर दोन्ही संदेश एकदमच आत शिरतात. एरवी दिशेतील फरक हीच आपली चाळणी असते. त्या काही सेकंदांत ती निकामी होते.

भूस्थिर उपग्रहांच्या काळात हा प्रश्न सोपा होता. 35,786 किलोमीटरवरचे ते उपग्रह जमिनीवरून जागच्या जागी दिसतात, त्यामुळे शेजाऱ्यांत दोन-तीन अंशांचे अंतर राखले की भागत असे. खालच्या कक्षेतील उपग्रह त्यांच्यापेक्षा पासष्ट पट जवळ असल्याने, तेवढ्याच शक्तीने पाठवलेला त्यांचा संदेश सुमारे चार हजार पट प्रबळ पोहोचतो. म्हणून 2000 सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने भूस्थिर सेवांच्या संरक्षणासाठी मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी, भूस्थिर उपग्रह आकाशात ज्या कमानीत दिसतात, तिच्याजवळ जमिनीवरून दिसणारा उपग्रह टाळून दुसरा निवडला जातो. खालच्या कक्षेतून इंटरनेट पुरवणाऱ्या वनवेबचे उपग्रह तर विषुववृत्ताजवळ येताना चक्क तिरपे होतात.

फिरत्या ताफ्यांचे आपसांतले भांडण मात्र असे मिटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत वारंवारतेसाठी आधी अर्ज करणाऱ्याला अग्रक्रम असतो आणि मागून आलेल्याने त्याच्याशी समन्वय साधायचा असतो. कागदावरच हजारो उपग्रह उडवून रांगेत जागा अडवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी 2019 च्या परिषदेने टप्पे ठरवले: अर्जानंतर वारंवारता वापरात आणण्याची मूळ सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत 10, पाच वर्षांत 50 आणि सात वर्षांत 100 टक्के उपग्रह कक्षेत हवेत. उपाय योग्य आहे, पण तो रांग लहान करतो. रेषेत आलेल्या दोघांपैकी बाजूला कोणी व्हायचे, हे त्यातून ठरत नाही.

मला अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2017 मध्ये स्वीकारलेला तोडगा अधिक मार्मिक वाटतो. व्यत्ययामुळे संदेश पकडणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटात सहा टक्क्यांहून अधिक भर पडत असेल आणि पक्षांत समझोता नसेल, तर तेवढ्या वेळापुरता वारंवारतांचा पट्टा समान वाटून घ्यायचा. अर्धा पट्टा म्हणजे साधारण अर्धा वेग. तो दोघांनाही परवडत नाही, म्हणून दोघेही बोलणी करायला बसतात.

बोलण्यासारखे पुष्कळ असते. उपग्रह कुठे असेल, याचे गणित बऱ्याच अचूकपणे मांडता येते. पण त्या क्षणी त्याचा कोणता झोत कोणत्या ग्राहकाकडे, कोणत्या वारंवारतेवर वळलेला असेल, हे फक्त त्याच्या चालकाला ठाऊक असते. हे वेळापत्रक आधी हाती आले, तर तबकडीला दिसणाऱ्या अनेक उपग्रहांपैकी दुसरा निवडता येतो आणि पट्टा वाटण्याची वेळच येत नाही. मात्र त्याच वेळापत्रकावरून ग्राहक कुठे दाटले आहेत, हेही प्रतिस्पर्ध्याला वाचता येते, आणि वाटाघाटी नेमक्या तिथेच अडतात.