समुद्रातला पैरा

श्रोतेहो, नमस्कार.

पैरा म्हणजे काय, हे करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. आज तुमच्या रानात माझी बैलं, उद्या माझ्या रानात तुमची. कागद नाही की सही नाही. पण पैरा बुडवणाऱ्याला पुढच्या हंगामात कुणी दारात उभं करत नाही. प्रवाळांच्या खडकांत राहणाऱ्या प्राण्यांचा असाच पैरा आज मला तुम्हाला सांगायचा आहे.

गुजरीतल्या सराफांकडं अंगठीत बसवलेलं लाल पोवळं पुष्कळांनी पाहिलं असेल. तो दगड नव्हे, तो एका प्राण्याचा सांगाडा. त्याच्या नात्यातले चिमुकले प्राणी उथळ, उबदार समुद्रात चुन्याचे सांगाडे रचत रचत मोठमोठे खडक उभे करतात. समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग या खडकांनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा त्यांच्या आसऱ्याला असतो. एवढ्या दाटीत एकट्याचं निभत नाही.

पिस्तूल कोळंबीचंच बघा. बोटभर लांबीची, पण एक नांगी भलतीच मोठी. ती नांगी ती इतक्या वेगानं मिटते, की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो. फुटताना त्याच्या आत क्षणाच्या अगदी बारीक भागापुरतं तापमान चार हजार सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांना या कोळंब्यांच्या कडकडाटानं बेजार केलं होतं. पण हिच्यातल्या काही जाती डोळ्यांनी अधू. त्या दिवसभर वाळूत बीळ उकरतात, ढासळलेली वाळू बाहेर काढतात, आणि बिळाच्या तोंडाशी गोबी नावाचा छोटा मासा पहाऱ्याला उभा असतो. कोळंबी बाहेर आली, की तिची एक मिशी माशाच्या अंगावर टेकलेली. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि कोळंबी आत. धोका फारच जवळ आला तर मासाही तिच्यामागोमाग आत. उकरायचं तिनं, राखायचं त्यानं, घर दोघांचं. मला यात सर्वांत नवल वाटतं ते त्या टेकलेल्या मिशीचं. दिसत नाही त्यानं दिसतं त्याच्यावर इतका भरवसा टाकावा!

पण भरवसा म्हटला की फसवणूकही आलीच. निळसर अंगाचा, काळ्या पट्ट्याचा एक छोटा मासा असतो, त्याला सफाई मासा म्हणू. त्याची खडकावरची जागा ठरलेली. मोठे मासे तिथं येऊन थांबतात, तोंड उघडतात, कल्ले पसरतात, आणि हा आत शिरून त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा एक सफाई मासा दिवसाला सुमारे बाराशे परजीवी खातो असं दिसलं. मात्र त्याला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट थर जास्त आवडतो. मोह झाला की तो हळूच त्याचा लचका तोडतो. गिऱ्हाईक दचकतं, त्याच्या मागं लागतं, नाहीतर सरळ दुसऱ्या सफाई माशाकडं जातं. आजूबाजूला दुसरी गिऱ्हाइकं बघत असली, की तोच सफाई मासा नीट वागतो! नर-मादी जोडीनं काम करताना मादीनं असा लचका तोडला आणि गिऱ्हाईक निघून गेलं, तर नर तिला पिटाळतो. हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. इवल्याशा माशाला पत सांभाळायची असते, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

शिकारीतही पैरा चालतो. तांबड्या समुद्रात ग्रूपर मासा मोरे ईल नावाच्या लांबट मासळीच्या कपारीपाशी जातो आणि तिच्यासमोर जोरजोरात डोकं हलवतो. हे शिकारीचं आवतण. रेडुआन बशारी या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ते जगापुढं मांडलं. ग्रूपर मोकळ्या पाण्यात वेगवान, ईल सापासारखी फटीत शिरणारी. भक्ष्य फटीत शिरलं तर ईलच्या तोंडी, बाहेर पळालं तर ग्रूपरच्या. आपल्या कोकणात मिळणारं हेकरू याच ग्रूपरच्या कुळातलं.

बॉक्सर खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा डंखधारी प्राणी, धरून फिरतो आणि त्यांच्या डंखाचा धाक दाखवतो. एक हरवलं तर उरलेल्याचे तो दोन तुकडे करतो, आणि दोन्ही तुकडे वाढून पुरी फुलं होतात. याला मात्र पैरा म्हणवत नाही, ही वेठच.

आता सगळ्यांचं घर ज्यावर उभं आहे तो पैरा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला आसरा देतो. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा एखाद अंशानं वाढून काही आठवडे तसंच राहिलं, की हा पैरा मोडतो. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाहीतर प्रवाळ मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हे घडलं. २०२४ मध्येही घडलं.

आपलं प्रवाळ तर आणखी जवळ आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं पठार, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं प्रवाळ १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं. घाट उतरून कोल्हापूरकर तिथं सुट्टीला जातातच. पाण्यात उतरलात तर खडकावर पाय टेकू नका, आणि होडीचा नांगर प्रवाळावर पडत नाही ना, एवढं होडीवाल्या दादांना आवर्जून विचारा. तिथं आढळणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. नांगरानं फुटलेला वीतभर तुकडा पुन्हा तेवढा व्हायला वीसेक वर्षं लागतील.

नमस्कार.