मंगळावरचं पूना, 50 नंबरच्या बसमधून

(दृश्य: सकाळ. शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा. समोर पोरं क्रिकेट खेळतायत.)

नमस्कार मंडळी. सकाळचे साडेसहा वाजलेत, मी शनिवारवाड्यासमोर उभी आहे आणि आज आपण एक विवर पार करणारोत, म्हणजे क्रेटर, आकाशातला दगड आपटून झालेला मोठ्ठा खळगा, ते पण बसने.

मंगळावर पूना नावाचं एक विवर आहे. हो, आपलंच पुणं, फक्त नाव जुन्या स्पेलिंगचं राहिलंय. तिथली पद्धत अशी की मोठ्या विवरांना होऊन गेलेल्या शास्त्रज्ञांची नावं देतात आणि लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची. लोणारच्या नावाचं पण एक आहे तिथं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते, अरे आपलं पुणं मंगळावर आहे म्हणून, आणि घरी भाचीला सांगितलं तर तिनं एकच प्रश्न विचारला, आत्या, केवढंय ते? मी म्हणलं 20 किलोमीटर. ती म्हणाली म्हणजे केवढं?

पाचवीतली पोरगी आहे, तिचं काय चुकलं? 20 किलोमीटर हा आकडा आहे, जागा नाही. मग आम्ही दोघी मोबाईलवर नकाशा उघडून बसलो आणि शनिवारवाड्यावर बोट ठेवून सरळ रेघ ओढत नेली, बरोब्बर 20 किलोमीटरवर बोट कुठं थांबलं माहितीये? सिंहगडावर! खरंच सांगते, अंगावर काटा आला. शनिवारवाडा ते सिंहगड, हवेतलं अंतर, जवळपास 20 किलोमीटर. म्हणजे मंगळावरचं पूना उचलून इथं ठेवलं तर एक काठ इथं, माझ्या पायाखाली, आणि दुसरा काठ सिंहगडावर.

आणि या दोन काठांच्या मधे आपली बस जाते, 50 नंबर, शनिवारवाडा ते सिंहगड. तिच्यातच बसू.

(दृश्य: बस थांबा.)

बस येईपर्यंत जरा लहान विवरं बघून घेऊ. समोर ही पोरं खेळतायत ना, त्यांचं पिच नियमाप्रमाणे 20 मीटरचं धरा. 2004 च्या जानेवारीत ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यंत्र, मंगळावर उतरला, एअरबॅगमधे गुंडाळलेला, उड्या मारत मारत गडगडत गेला आणि जाऊन पडला एका खळग्यात, त्याचं नाव ईगल, रुंदी 22 मीटर. पिचपेक्षा जेमतेम दोन मीटर जास्त. एवढ्या मोठ्या ग्रहावर जाऊन नेमका एवढ्याशा खळग्यात, आणि त्याच खळग्याच्या भिंतीतल्या दगडात त्याला एकेकाळी तिथं पाणी असल्याच्या खुणा सापडल्या. पुढं 2006 मधे तोच रोव्हर व्हिक्टोरिया नावाच्या विवराशी पोचला, ते साधारण पाऊण किलोमीटर रुंद, म्हणजे इथून मंडईपर्यंत. मंडईला आपण बोलत बोलत चालत जातो. रोव्हरने व्हिक्टोरियाच्या काठावर आणि आत मिळून जवळजवळ दोन वर्षं घालवली.

आणि आपलं बुलढाण्यातलं लोणारचं विवर? ते सुमारे 1.8 किलोमीटर. शनिवारवाड्यापासून निघालात तर सारसबागेच्या थोडं अलीकडे संपतं, अख्ख्या बाजीराव रोडभर पसरलेलं. ज्यांनी लोणारच्या काठावर उभं राहून खाली बघितलंय त्यांना माहितीये पोटात कसं गलबलतं ते. आता एक हिशोब करा, पूना विवरात अशी किती लोणारं मावतील, तर क्षेत्रफळाने साधारण 120. एकशे वीस! आणि मंगळाच्या मानाने हे लहान विवर आहे.

आली बस.

(दृश्य: बसच्या खिडकीतून शिवाजी रोड, मग स्वारगेट.)

आता इमॅजिन करा. आपण काठावरून आत उतरतोय. असं विवर ताजं असताना साधारण दीड किलोमीटर खोल असतं. सिंहगड पायथ्यापासून वर सातशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणजे एकावर एक दोन सिंहगड ठेवायचे आणि तेवढं खाली जायचं. पण विहिरीसारखी सरळ भिंत नसते बरं का. विवर झाल्या झाल्या त्याचे कडे स्वतःच्या वजनाने ढासळतात, घसरून खाली बसतात, आणि मोठमोठ्या पायऱ्या तयार होतात, घाटात डोंगर कापल्यावर दिसतात तशा, फक्त इथं एकेक पायरी शेकडो मीटरची. स्वारगेट येईपर्यंत आपण या पायऱ्याच उतरतोय. उजवीकडे पर्वती, ती आता वर नाही, खाली.

कंडक्टर काकांना मी सांगितलं, काका आपण आत्ता मंगळावरच्या विवरात उतरतोय. ते म्हणाले, बरं, तिकीट कुठलं देऊ? म्हणलं पलीकडच्या काठाचं, सिंहगड.

सिंहगड रोडला लागलो. राजाराम पूल, आनंदनगर, वडगाव. हा सगळा विवराचा सपाट तळ. या गोलात काय काय येतं सांगते. कोथरूड आत, वारजे आत, चांदणी चौक आत, कात्रज आत, डेक्कन आत, वेताळ टेकडी अगदी काठाच्या आतल्या बाजूला. पुणे स्टेशन बाहेर, कॅम्प बाहेर, हडपसर बाहेर. एकूण 314 चौरस किलोमीटर. पुणे महापालिकेची हद्द 2021 मधे वाढायच्या आधी 331 होती, म्हणजे बघा, तेव्हाचं जवळजवळ अख्खं पुणं. ज्यानं कुणी हे नाव दिलं त्याला हा हिशोब माहीत असेल असं मला वाटत नाही, पण जमून आलंय खरं.

(दृश्य: धायरी. उंबऱ्या गणपती चौक.)

धायरी फाट्याला उतरून मी मुद्दाम इथं आले, पुढची 50 नंबर परत फाट्यावरूनच पकडू. कारण शनिवारवाडा आणि सिंहगड यांच्या बरोब्बर मधोमध धायरी येते. एवढ्या मोठ्या विवरांच्या मधे बरेचदा एक डोंगर असतो. टक्कर झाली की खालचा खडक एवढा दाबला जातो की तो परत उसळून वर येतो, तळ्यात दगड टाकल्यावर मधे थेंब उडतो ना तसा, फक्त इथं पाणी नाही, खडक, आणि तो वर आल्यावर तसाच गोठल्यासारखा राहतो. म्हणजे खोल जमिनीतला दगड आयता वर आलेला. शास्त्रज्ञांना म्हणून हा मधला डोंगर फार प्यारा.

आता एक गोष्ट माझ्याबरोबर करा. हात सरळ लांब करा आणि मूठ आवळा. मी धायरीतल्या एका गच्चीवर उभी आहे, समोर सिंहगड, वरचा तो टीव्ही टॉवर दिसतोय. इथून गड माझ्या दोन-तीन बोटांएवढा उंच दिसतो. पूना ताजं असताना त्याच्या मधे उभं राहिलो असतो तर काठ जवळजवळ अख्ख्या मुठीएवढा वर दिसला असता, आणि एकाच बाजूला नाही, गोल फिरलो तरी सगळीकडे. मंगळ रुंदीने पृथ्वीच्या निम्म्याएवढा असल्यामुळे तिथं जमिनीचं क्षितिज साडेतीनएक किलोमीटरवरच संपतं, पण हा काठ त्याच्या मागून उठून उभा राहतो. मला हे मुठीचं गणित सगळ्यात आवडतं, कारण ते करताना पहिल्यांदा मला त्या विवरात उभं राहिल्यासारखं वाटलं.

(दृश्य: घर. ओट्यावर परात, त्यात मैदा, वरून लाल तिखटाचा पातळ थर.)

हे झालं कसं, ते घरीच करून बघितलं आम्ही. परातीत मैदा पसरला, वर चाळणीने लाल तिखट भुरभुरलं आणि भाचीनं स्टुलावर चढून वरून गोटी सोडली. थप्प. मधे खळगा, कडेला उंचवटा, आणि आतला पांढरा मैदा लाल तिखटावर चारी बाजूंनी उडालेला, एकदम बारीक बारीक रेघांनी. तिनं सांगितलं, आत्या, खालचं वर आलं. बरोब्बर. अजून एक बघा, तिनं तिरकी गोटी मारली तर खळगा लांबट झाला. पण मंगळावरची विवरं तर बहुतेक गोलच असतात, मग सगळे दगड काय सरळच पडतात का? नाही ना. तिथं दगड येतो सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने. शनिवारवाडा ते सिंहगड दोन सेकंदात. त्या वेगात दगड जमिनीत घुसत नाही तर जागच्या जागी फुटतो, बराचसा वितळतो, वाफ होतो, आणि स्फोट जसा चारी बाजूंना सारखा पसरतो तसं विवर गोल होतं, दगड कुठूनही येऊ दे. 20 किलोमीटरचं विवर पाडायला दगड लागतो साधारण एक किलोमीटरचा, म्हणजे शनिवारवाड्यापासून मंडईच्या जरासा पुढेपर्यंत येईल एवढाच.

आणि उडालेला माल काठाशी थांबत नाही. ज्या क्रायसी मैदानावर 1976 मधे व्हायकिंग 1 यान उतरलं, त्याच भागात पूना आहे, आणि तिथल्या विवरांचे फोटो बघितले तर काहींच्या भोवती फुलाच्या पाकळ्यांसारखा पसारा दिसतो. युटी नावाचं एक आहे, साधारण आपल्या पूनाएवढंच, त्याच्या भोवतीच्या पाकळ्या एकदा बघितल्या की विसरता येत नाहीत. कोरडी माती अशी पसरत नाही. परातीत मैद्याची रेघ उडाली, पण पावसाळ्यात चिखलात दगड टाका, तो कसा थबथबीत वाहत जातो, तसं आहे हे. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की जमिनीखाली बर्फ होता, टक्करीच्या उष्णतेने तो वितळला आणि सगळा राडा चिखलासारखा वाहिला, विवराच्या रुंदीएवढा लांबपर्यंत. म्हणजे इथं झालं असतं तर पिंपरी, हडपसर, लोहगाव, खेड शिवापूर, सगळं त्या चिखलाखाली.

(दृश्य: परत बस. नांदेड फाटा, खडकवासला धरण.)

खडकवासला आलं. पाणी बघा कसं चमकतंय. विवराच्या तळाशी तळं असावं असं वाटतं ना? मंगळावर खरंच असं होतं. जेझेरो म्हणून 45 किलोमीटरचं विवर आहे, शनिवारवाड्यापासून निघून कामशेत ओलांडून मळवलीच्या अलीकडेपर्यंत, त्यात एकेकाळी तळं होतं आणि नदी येऊन मिळायची. तिनं आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश अजून तसाच आहे. फेब्रुवारी 2021 मधे पर्सिव्हिअरन्स रोव्हर तिथंच उतरला.

आणि गेल विवर तर 154 किलोमीटर. शनिवारवाड्यावरून डायरेक्ट विरार! मधोमध येतं माथेरान, पण तिथं मधे जो डोंगर आहे तो साडेपाच किलोमीटर उंच, एकावर एक सात माथेरान ठेवल्यासारखा. क्युरिऑसिटी रोव्हर 6 ऑगस्ट 2012 ला तिथं उतरला, आणि पहिल्या बारा वर्षांत चालला 32 किलोमीटरच्या आसपास. पुण्यातून निघून तळेगाव. लोकलने आपण तासाभरात जातो तेवढं, पण त्यानं वाटेतला दगड अन् दगड बघितलाय, खरवडलाय, भोक पाडून आतली पूड तपासलीय. सगळ्यात मोठ्यांपैकी एक हेलास, 2300 किलोमीटर, म्हणजे कन्याकुमारी ते दिल्ली, पण त्याला बस पुरणार नाही.

(दृश्य: सिंहगड, पुणे दरवाजा. नंतर देवटाक्याजवळ.)

पोचलो. पायथ्यापासून चालत वर आले, धाप लागलीये म्हणून आवाज असा येतोय. हा आपला दुसरा काठ. ज्यांनी कात्रज ते सिंहगड ट्रेक रात्री केलाय ना, टॉर्च घेऊन, एक टेकडी उतरलो की दुसरी, त्यांनी या विवराच्या दक्षिण काठाशेजारून चालायची प्रॅक्टिसच केलीये. तो ट्रेक पंधराएक किलोमीटर, आणि पूनाचा पूर्ण काठ 63 किलोमीटर, म्हणजे असे चार ट्रेक ओळीने. समोर धुरकट दिसतंय ते शहर, त्यात कुठंतरी पलीकडचा काठ.

आणि हा माझ्या हाताखालचा कातळ. हात फिरवून बघा कधी, बारीक बारीक भोकं लागतात बोटाला, लाव्हा थंड होताना त्यातून वायू निघून गेल्याच्या खुणा. बसाल्ट. शनिवारवाड्याचा पायाही याच काळ्या दगडाचा, लोणार याच दगडात झालंय, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बसाल्टच. म्हणून तर मंगळ समजून घ्यायला जगभरातले लोक लोणारचा दगड अभ्यासतात. नाव आपलं आहे, आणि दगडही त्याच जातीचा.

पिठलं-भाकरी घ्यायला मावशींकडे बसले. तव्यावर भाकरी फुगत होती, मडक्यातलं दही समोर. मी मोबाईलवर पूनाचा फोटो दाखवला, म्हणलं मावशी हे मंगळावरचं आपलं पुणं, एवढं मोठं, इथून पार शनिवारवाड्यापर्यंत. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितला. केवढंय, किती लांब, काही नाही विचारलं.

म्हणाल्या, पाणी हाय का तितं?

म्हणलं वरती नाही मावशी, हवाच इतकी विरळ आहे की पाणी टिकत नाही. पण जमिनीखाली बर्फ होता असं म्हणतात, हे विवर झालं तेव्हा.

मग खणायला लागंल, असं म्हणून त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्या पेल्यात देवटाक्याचं पाणी ओतलं. गार होतं एकदम.