हा प्रस्ताव राखून ठेवा

[दृश्य: पहाटेची गल्ली. अर्धं उघडं शटर, आत पिवळा बल्ब.]

पहाटेचे साडेचार. परळच्या बाजूची एक बेकरी. नाव, पत्ता दाखवायचा नाही, या अटीवर मालकांनी आत येऊ दिलं. हे चित्रीकरण जून 2025 चं आहे.

भट्टीतली लाकडं रात्रीच जळून गेलीत. निखारे बाजूला ओढून आतली जमीन ओल्या फडक्यानं पुसून घेतलीये. कारागीर मूठभर मैदा आत भिरकावतो आणि बघत उभा राहतो. मैदा लगेच काळा पडला तर अजून थांबायचं. हळूहळू तांबूस झाला, की लादीचे ट्रे आत. इथे थर्मामीटर नाही. आग विझल्यानंतर विटांमध्ये जी धग उरते तिच्यावर सकाळभरचा पाव निघतो. आधी ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, मग लादी, धग उतरत आली की नानकटाई.

भट्टीच्या शेजारी भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, प्लास्टिकमध्ये घालून एक कागद लावलाय. महापालिकेची नोटीस. लाकूड आणि कोळसा बंद करा. गॅसवर या, नाहीतर विजेवर. मुदत 8 जुलै.

मालकांच्या आजोबांनी ही भट्टी बांधून घेतली होती. कोकणातून आलेलं कुटुंब. मालक म्हणाले, "कागद आला तसा मी तडक नगरसेवकाच्या ऑफिसात गेलो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे."

[दृश्य: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचं महापालिका मुख्यालय. फिरोजशहा मेहतांचा पुतळा.]

ही इमारत 1893 ची. बोधवाक्य, यतो धर्मस्ततो जयः. आणि ज्या कायद्यावर हा सगळा डोलारा उभा आहे तो त्याहून पाच वर्षांनी जुना, 1888 चा. त्या कायद्यात सत्ता एका खुर्चीत ठेवलेली नाही. लोकांनी निवडून दिलेली महापालिका एकीकडे, खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती दुसरीकडे आणि अंमलबजावणी करणारे आयुक्त तिसरीकडे. आयुक्तांनी मागायचं, समितीनं अडवायचं, सभागृहात आरडाओरडा व्हायचा आणि मग कधी तरी काम सुरू व्हायचं.

या इमारतीची स्वतःची एक मराठी आहे. प्रस्ताव 'दफ्तरी दाखल' होतो, म्हणजे मरतो. 'फेरविचारार्थ परत' जातो, म्हणजे पडून राहतो. आणि सगळ्यात लाडकं वाक्य: "अध्यक्ष महाराज, हा प्रस्ताव राखून ठेवा." राखून ठेवला म्हणजे कुणाला तरी काहीतरी विचारायचं आहे. कधी प्रश्न खरा असायचा. कधी प्रश्नामागे कंत्राटदार असायचा, हेही या शहराला माहीत आहे. नगरसेवक म्हणजे देवमाणूस, असं कुणी म्हणत नाही. मी तर नाहीच.

7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली. प्रभाग 227 की 236, ओबीसी आरक्षणाचं काय, कोर्टात पुढची तारीख कधी, यात निवडणूक लांबत गेली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. आधी इक्बाल सिंह चहल, मार्च 2024 पासून भूषण गगराणी. मागणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा, तिघांच्या खुर्च्या एकत्र. "राखून ठेवा" म्हणणारं कुणी उरलं नाही.

एक उदाहरण बघा. 4 फेब्रुवारी 2025 ला 2025-26 चा अर्थसंकल्प आला. 74,427 कोटी रुपये. देशातली काही छोटी राज्यं एवढ्या पैशात वर्ष काढतात. एरवी आयुक्त तो स्थायी समितीसमोर ठेवतात, मग कित्येक दिवस भाषणं, टोमणे, कपातीच्या सूचना. या वेळी ज्या प्रशासनानं तो तयार केला, त्यानंच तो मंजूर केला. वेळ वाचला, हे मान्य.

[दृश्य: मालाड स्टेशनबाहेरची बसची रांग.]

आता असा निर्णय रस्त्यावर कसा उतरतो, ते बघायला उपनगरात जाऊ. कारण इथे रिक्षा आहे, आणि पुढचं गणित रिक्षाशिवाय समजणार नाही.

9 जुलै 2019 ला मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टनं किमान भाडं आठ रुपयांवरून पाचावर आणलं. एसीचं सहा. मुंबईत काहीतरी स्वस्त झालं, ही बातमी पचायलाच लोकांना आठवडा लागला. कंडक्टरच्या पिशवीत पाचाच्या नाण्यांचा डोंगर झाला. पुढे पुढे तर कर्मचाऱ्यांना पगारातला काही भाग चिल्लरमध्ये मिळायला लागला.

9 मे 2025 ला पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं पाचाचं दहा झालं. एसीचं सहाचं बारा. एका फटक्यात दुप्पट.

बेस्टचं दुखणं खरं आहे. गेली कित्येक वर्षं ती महापालिकेच्या पैशावर तगली आहे. त्याच अर्थसंकल्पात तिला हजार कोटी दिले होते. स्वतःच्या बस भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी भाडेतत्त्वावरच्या आल्या. 15 सप्टेंबर 2023 ला जुनी डिझेलची डबलडेकर शेवटची धावली तेव्हा आपण फुलांचे हार घालून फोटो काढले. बसथांब्यावरची रांग त्या फोटोत नव्हती.

पण गणित करू. रिक्षाचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. आई आणि कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली, तिघी स्टेशनपासून दीड किलोमीटरवर राहतात. मे महिन्याच्या आधी बस पंधरा रुपये, रिक्षा सव्वीस. बसच परवडायची. मेनंतर साधी बस तीस रुपये. एसी छत्तीस. रिक्षा सव्वीसच. आणि रिक्षा ताबडतोब मिळते, बसला वीस मिनिटं.

हे गणित मांडायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. रांगेतल्या एका काकूंनी ते आमच्या कॅमेऱ्यासमोर बोटांवर करून दाखवलं आणि वर विचारलं, "हे तिकडे कुणी केलं नसेल का हो?"

केलंही असेल. पण भाडेवाढीची जुनी वाट लांबची होती. आधी बेस्ट समिती, मग महापालिकेची सभा, शेवटी परिवहन प्राधिकरण. पहिल्या दोन दारांशी माणसंच नव्हती. विरोधात पत्रकं निघाली, निवेदनं दिली गेली. निवेदनाला पोच मिळते. सभागृहात उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात जातं.

[दृश्य: सोसायटीच्या फाटकाशी ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे.]

कचऱ्याचं मात्र उलटं झालं. एप्रिल 2025 मध्ये महापालिकेनं नव्या उपविधींचा मसुदा लोकांसमोर ठेवला. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घराला कचऱ्यासाठी महिन्याला शंभर रुपये, त्याहून मोठ्याला पाचशे, तीनशे मीटरच्या वर हजार. आता आठवा, 2022 मध्येच पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला होता. पाचशे फूट म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस मीटर. म्हणजे ज्या घराला कर माफ, त्याच घराला कचऱ्याचे वर्षाला बाराशे. कराला कर म्हणायचं नाही, एवढंच काय ते.

हरकती आल्या आणि राजकीय पक्ष जागे झाले. सगळेच, कारण निवडणुकीचा वास यायला लागला होता. ते शुल्क काही घराघरात पोचलं नाही. 'राखून ठेवा' म्हणायला सभागृह नव्हतं तरी प्रस्ताव राखला गेला. कुणी आणि कुठल्या बैठकीत, ते इतिवृत्तात शोधू नका.

जुलै 2023 मध्ये तर याच मुख्यालयात उपनगरच्या पालकमंत्र्यांना दालन मिळालं होतं. नगरसेवकांच्या पक्ष कार्यालयांना कुलूप, मंत्र्यांना खोली. ज्याच्या हातात अर्ज होता त्यानं जायचं कुठे, ते ओळखून घ्यायचं होतं. आणि ज्यांना अर्ज करायचा नव्हता ते रस्त्यावर उतरले. कबुतरांना दाणे टाकणं बंद व्हावं म्हणून महापालिकेनं दादरच्या कबुतरखान्यावर चढवलेली ताडपत्री 6 ऑगस्ट 2025 ला जमावानं फाडली. निर्णयावर चर्चा झालीच म्हणायची, पण सुरीनं.

माझ्या घराजवळचीही एक गोष्ट सांगतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचं झाकण ऐन पावसाळ्यात गायब झालं. तक्रार केली, कुठे ते सोडा. क्रमांक मिळाला. नवव्या दिवशी मोबाइलवर संदेश, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खाली जाऊन पाहिलं. चेंबर उघडंच होतं, त्यात कुणीतरी तुटकी खुर्ची उभी करून वर लाल फडकं बांधलं होतं. फडकं शेजारच्या इस्त्रीवाल्याचं. आमचे जुने नगरसेवक कामाचे होते अशातला भाग नाही. पण त्यांच्या दारात जाऊन आमच्या आजीनं त्यांना फैलावर घेतलं असतं. मोबाइलवरच्या संदेशाला आजी काय बोलणार?

[दृश्य: पुन्हा बेकरी. भट्टीचं तोंड.]

भट्टीकडे परत येऊ, कारण तिथला निर्णय चुकीचा नव्हता. हवेच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून हाती घेतला होता. बेकऱ्यांना गॅसवर यायला वर्षाची मुदत देण्याचा विचार चालला होता. 9 जानेवारी 2025 ला न्यायालयानं सांगितलं, सहा महिने पुरेत. महापालिकेनं नोटिसा काढल्या. जळतं तरी काय या भट्ट्यांमध्ये? जंगलातलं लाकूड महाग. स्वस्त मिळतं ते पाडलेल्या इमारतींचं, दारं, खिडक्या, प्लायवूडचे तुकडे, रंग आणि व्हार्निशसकट. तो धूर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत जातो. मालकांच्या स्वतःच्या घरातही.

मालकांनाही हे मान्य. त्यांची अडचण वेगळी. ओव्हनला काही लाख. पाइप गॅस गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला, आत नाही. सिलिंडर ठेवायचे तर अग्निशमनचे नियम, आणि जागा अडीचशे फूट. इमारत जुनी, पागडीची. भिंतीला हात लावायचा तर घरमालकाची सही, आणि घरमालकाला बेकरी गेलेलीच बरी. वडापाववाला मात्र पाव चार आण्यांनी वाढला तरी ओरडतो. त्यांचे प्रश्न तीनच होते. पाइप आत कधी येणार, कर्जाला काही मदत आहे का, आणि तोपर्यंत मुदत मिळेल का. तिन्ही प्रश्न तीन वेगळ्या कार्यालयांचे. हे तिन्ही एका माणसाच्या गळ्यात बांधता येत होते, तो माणूस चार वर्षं नव्हता.

[दृश्य: मतदान केंद्राबाहेरची रांग, शाई लावलेलं बोट.]

6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं. तिथून पुढेही महिने गेले. 15 जानेवारी 2026 ला मुंबईनं मतदान केलं, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. पुन्हा 227 नगरसेवक. त्यातल्या अनेकांनी हे सभागृह आतून कधी पाहिलेलंही नव्हतं.

त्यानंतर आम्ही बेकरीत गेलो. तीच वेळ, पहाटेची. स्टीलचा ओव्हन आलाय, त्याला काचेचं दार, काट्यावर तापमान दिसतं. कारागीर आता मैदा भिरकावत नाही. जुनी भट्टी मोडलेली नाही. तिच्या तोंडाशी मैद्याची पोती रचलीत. ब्रून या ओव्हनमध्ये तसा होत नाही, कवच पातळ येतं, म्हणून मालकांनी तो बंदच केलाय. समोरच्या चहावाल्याकडे दोन म्हातारे रोज विचारतात म्हणे.

भिंतीवर नोटीस अजून आहे. तिच्या प्लास्टिकच्या कोपऱ्यात नव्या नगरसेवकाचं कार्ड खोचलंय.

मालकांनी ते काढून आमच्या हातात दिलं. "निवडून आल्यावर पाया पडून गेले. काही काम असलं तर सांगा म्हणाले." मग ओव्हनकडे बघून हसले. "आता काय सांगू? भट्टी पेटवू द्या म्हणू शकत नाही. पाइपचं तेवढं विचारतो."

कार्ड परत जागेवर गेलं. ट्रे बाहेर आले. सायकलवाला बाहेर घंटी वाजवत होता.